टोपीकराने आणलेला आयकर

जुलै महिना आला की आपल्या स्टाफरूममध्ये दोनच विषय असतात: घटक चाचणी आणि फॉर्म १६. कुणी विचारतं, जुनी करपद्धत बरी की नवी? कुणी विम्याची पावती शोधत असतं. मग एखादे सर वैतागून म्हणतातच, हे लचांड आपल्या मागे लावलं तरी कुणी?

त्या माणसाचं नाव जेम्स विल्सन. मुलांना सांगण्याजोगं त्याचं चरित्र आहे, म्हणून आज त्याच्याविषयी.

३ जून १८०५ रोजी स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी त्याचा जन्म झाला. वडिलांची लोकरीची गिरणी होती आणि घर क्वेकर पंथाचं. गंमत अशी, की या मुलाला आधी शिक्षक व्हायचं होतं! त्यासाठी तो शिकायलाही गेला, पण थोड्याच दिवसांत त्याला वाटलं की मास्तरकीपेक्षा गिरणीतलं हलकं काम परवडलं. (आपल्यालाही निकालाच्या दिवसांत असं वाटतं, नाही का?) सोळाव्या वर्षी तो टोप्या बनवणाऱ्याकडे उमेदवारी करू लागला आणि पुढे भावाबरोबर लंडनला जाऊन त्याने त्याच धंद्यात जम बसवला. आपल्याकडे जुन्या काळी गोऱ्या लोकांना टोपीकर म्हणत. हा तर खराखुरा टोपीकर!

मग निळीच्या सट्ट्यात पैसा गुंतवला आणि १८३७च्या सुमारास बहुतेक सगळा बुडाला. मला हा माणूस आवडतो तो इथे. त्याने दिवाळं काढलं नाही. देणेकऱ्यांना जमेल तेवढी रोख रक्कम दिली, उरलेल्यापोटी मालमत्ता लिहून दिली, आणि ते त्यावर समाधानीही झाले. पुढे त्या मालमत्तेची अपेक्षेइतकी किंमत आली नाही. कायद्याने आता त्याच्यावर काहीच बंधन नव्हतं. तरी त्याने राहिलेली रक्कम गाजावाजा न करता स्वतःच्या पैशातून चुकती केली.

१८४३ मध्ये त्याने ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढलं, ते आजही निघतं. १८४७ मध्ये तो पार्लमेंटमध्ये गेला आणि १८५३ पासून इंग्लंडच्या अर्थखात्यात सचिव होता. त्याच वर्षी ग्लॅडस्टन यांच्या अर्थसंकल्पात आयुर्विम्याच्या हप्त्यावर आयकरात सवलत मिळाली. जुन्या पद्धतीत आपण विम्याचा हप्ता दाखवतो ना, ती कल्पना इतकी जुनी आहे.

१८५७च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारचा खजिना रिकामा होता आणि कर्ज वाढलं होतं. ते निस्तरायला विल्सनला कलकत्त्याला पाठवलं गेलं. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने अर्थसंकल्प मांडला. वर्षाला २०० रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर कर नाही. २०० ते ५०० पर्यंत शेकडा २, आणि त्यापुढे शेकडा ४, त्यातला एक रुपया लोकोपयोगी कामांसाठी. गरीब माणूस मिठावरचा कर आधीच भरत होता. बडा व्यापारी, जमीनदार आणि गोरा साहेब मात्र त्या मानाने मोकळे सुटत होते. हा कर त्यांच्यापर्यंत पोचणार होता.

एक गोष्ट वर्गात फळ्यावर जरूर मांडा. तेव्हा ४९९ रुपयेवाल्याला सुमारे १० रुपये कर, आणि ५०० ओलांडले की एकदम २०! आज टप्पा ओलांडला तरी वाढीव दर फक्त वरच्या रकमेला लागतो. पगारवाढीने हातात कमीच पडेल की काय, असं घाबरणाऱ्या पालकांनाही हे समजावून सांगा.

विरोध झालाच. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी तर आपला आक्षेप जाहीर छापला, आणि त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आलं. मला विचाराल तर विल्सनचं गणित बरोबर होतं, पण मुळात एक खोट होती. ज्या कायदेमंडळात हा कर मंजूर झाला, तिथे एकही हिंदी सभासद नव्हता. उठाव दडपण्याचा खर्च हिंदी रयतेकडून वसूल करायचा, आणि तिला विचारायचंही नाही? स्वतःचं देणं इतकं चोख फेडणाऱ्या माणसाला हे खटकायला हवं होतं.

२४ जुलै १८६० पासून आयकर लागू झाला. कलकत्त्याच्या पावसाळ्यात विल्सनला आमांश जडला, तरी त्याने काम सोडलं नाही. कर लागू होऊन १८ दिवस झाले होते. ११ ऑगस्टला तो गेला. वय अवघं ५५.

कर पाच वर्षांसाठीच होता. १८६२ मध्ये ५०० रुपयांच्या आतल्यांना त्यातून वगळलं आणि १८६५ मध्ये तो बंद झाला. तेव्हा अर्थखातं कुणाकडे होतं माहीत आहे? परत आलेल्या ट्रेव्हेलियन यांच्याकडेच! १८६९ मध्ये कर पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि १८८६च्या कायद्याने कायमचा मुक्कामाला आला.

विल्सनची कबर कोलकात्यात मलिक बाजारजवळच्या जुन्या दफनभूमीत आहे. कित्येक वर्षं ती विस्मरणात गेली होती. २००७ मध्ये ती शोधून काढली एका आयकर अधिकाऱ्यानेच.