नाव कोणाचे, लेखणी कोणाची?



काटोलहून सावनेरला जाणाऱ्या एस.टी.त आपण कितीदा तरी बसला असाल. कुणी सोयरिकीच्या कामाला जातो, कुणी बाजाराला. सावनेरला उतरल्यावर आपण आपल्या कामाच्या वाटेने निघून जातो. परंतु मराठी रंगभूमीचा एक अत्यंत तेजस्वी दिवा याच गावात विझला, याची आठवण फार थोड्यांना होते. 'एकच प्याला' नाटकाचे कर्ते राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. त्या वेळी त्यांचे वय पुरते चौतीससुद्धा नव्हते. प्रस्तुत लेखकाने ते वय केव्हाच ओलांडले आहे, आणि त्याच्या नावावर दहावीच्या वह्या तपासण्यापलीकडे काही नाही!

गडकऱ्यांना मराठीचे शेक्सपिअर म्हणण्याची पद्धत आहे. या तुलनेतून एक गमतीचा, पण विचार करण्याजोगा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या नावावर नाटके आहेत, त्यानेच ती लिहिली हे कशावरून? शेक्सपिअरबद्दल हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे. गडकऱ्यांबद्दल कोणी तसा वाद घातला नाही. तरीही त्यांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकातला एक मोठा भाग त्यांनी लिहिलेला नाही, हे वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. तो भाग कोणता, हे पुढे येईलच. आधी शेक्सपिअरची गोष्ट थोडक्यात पाहू.

शेक्सपिअरचा जन्म १५६४ साली इंग्लंडातील स्ट्रॅटफर्ड या लहान गावी झाला. वडील हातमोजे बनविण्याचा धंदा करीत. तो विद्यापीठात गेला नाही. लंडनला जाऊन नट झाला, नाटके लिहिली, आणि १६१६ साली आपल्या गावी वारला. त्याच्या हातच्या सहा सह्या निर्विवाद मानल्या जातात. छापलेल्या नाटकांपैकी एकाचेही संपूर्ण हस्तलिखित उरलेले नाही. एवढ्यावरून एकोणिसाव्या शतकात शंका निघाली. हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलाला राजवाड्यातील रीतिरिवाज, कायदा आणि परदेशच्या गोष्टी कुठून ठाऊक असणार, असे लोक विचारू लागले. १८५७ साली डेलिया बेकन या अमेरिकन बाईंनी या विषयावर मोठा ग्रंथ छापला. कोणी फ्रान्सिस बेकन या विद्वान मुत्सद्द्याचे नाव पुढे केले. १९२० साली ऑक्सफर्डच्या सरदाराचे नाव पुढे आले. हा सरदार १६०४ मध्येच मरण पावला होता, आणि शेक्सपिअरची काही उत्तम नाटके त्यानंतरची आहेत, याचीही भक्तांना अडचण वाटली नाही.

अभ्यासकांनी या शंकेचे उत्तर साध्या पुराव्याने दिले आहे. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच्याबरोबर रंगमंचावर काम केलेल्या दोन नटांनी त्याची ३६ नाटके एका ग्रंथात छापून घेतली आणि ती आपल्या मित्राची म्हणून जगासमोर ठेवली. बेन जॉन्सन या समकालीन नाटककारानेही त्यात त्याचा गौरव केला. ज्यांनी त्याला रोज पाहिले, त्यांना शंका आली नाही. ज्यांनी कधीच पाहिले नाही, त्यांना मात्र आली. काही नाटकांत दुसऱ्यांचा हात होता, हेही अभ्यासक मोकळेपणाने मान्य करतात. शेवटच्या काळातील एका नाटकाच्या मुखपृष्ठावर १६३४ साली शेक्सपिअर आणि जॉन फ्लेचर अशी दोन्ही नावे छापली गेली. पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढे द्यावे, आणि नुसत्या घराण्याकडे पाहून कोणाचे काही काढून घेऊ नये, हा यातला न्याय आहे. आता हाच न्याय आपल्या गडकऱ्यांना लावून पाहू.

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत, आजच्या नवसारी जिल्ह्याच्या भागात झाला. बालपण गुजराती बोलणाऱ्या लोकांत गेले. शिक्षणाचा आरंभही तिकडेच झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि कुटुंब पुण्यास आले. घरची परिस्थिती बेताची होती. पालकहो, इथे क्षणभर थांबा. आपल्या मुलांच्या घरची बोली एक आणि शाळेतले मराठी दुसरे, म्हणून ती मागे पडतील अशी भीती आपल्याला वाटते. ज्या मुलाच्या कानावर बालपणी अंगणात गुजराती पडत होती, तोच पुढे मराठी भाषेचा जादूगार ठरला. भाषा वाचनाने, ऐकण्याने आणि ध्यासाने आपलीशी होते.

गडकरी मॅट्रिक झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. तेथे गणिताने त्यांना अडवले. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते गणितात नापास झाले आणि कॉलेज सुटले. गणितात गचकलेल्या विद्यार्थ्यांनी यावरून फार आनंदित होण्याचे कारण नाही! गडकऱ्यांनी कॉलेज सोडले, अभ्यास सोडला नाही. ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि मंडळीतील लहान नटांना शिकविण्याचे काम करू लागले. म्हणजे मराठीतला हा महान नाटककार सुरुवातीला आमच्यासारखाच मास्तर होता. मंडळीशी संबंधित 'रंगभूमी' मासिकात ते लिहू लागले. पडद्याआडून नाटक पाहता पाहता, कोणत्या वाक्याला प्रेक्षक हसतो आणि कोणत्या प्रसंगाला त्याचा घसा दाटून येतो, हे त्यांना कळू लागले. शेक्सपिअरही नाटक शिकला तो रंगमंचावरच. विद्यापीठाच्या पदवीवाचून ही विद्या कुठून आली, याचे उत्तर दोघांच्याही बाबतीत एकच आहे.

गडकऱ्यांनी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना गुरू मानले. कोल्हटकर आपल्या वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात वकिली करीत. मराठी विनोदी लेखनाचे ते आद्य पुरुष होत. त्यांनी आपल्या नाटकांत पारशी आणि उर्दू रंगभूमीवरील चाली आणल्या, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गुरूची कोटीबाज शैली शिष्याने उचलली, पण आपण कोणाकडून काय घेतले हे कधी लपविले नाही. उस्तादाचे नाव घेताना शागिर्दाने कानाला हात लावावा, तशी ही वृत्ती होती.

गडकऱ्यांची एक गंमत अशी की या एकाच माणसाची तीन नावे होती. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली. कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, तर विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने लिहिले. त्यांच्या कवितांचा 'वाग्वैजयंती' हा संग्रह मृत्यूनंतर, १९२१ साली निघाला. समजा, उद्या सर्व आठवणी पुसल्या गेल्या आणि फक्त पुस्तके उरली, तर एखादा पंडित ठामपणे सांगेल की हे तिघे वेगवेगळे गृहस्थ होते! हृदय पिळवटून टाकणारी कविता लिहिणारा कवी आणि लग्न जुळविण्याच्या खटपटीवर पोट धरून हसविणारा विनोदी लेखक एकच कसा असेल, असा तो पुरावाही देईल. म्हणून नुसत्या तर्काने कर्ता ठरवू नये.

त्यांचे पहिले नाटक 'गर्वनिर्वाण' त्यांच्या हयातीत रंगभूमीवर आले नाही. मंडळीत राहून, नाटक लिहून, ते रंगमंचावर न येण्याचे दुःख केवढे असेल! परंतु ते खचले नाहीत. १९१२ च्या सुमारास 'प्रेमसंन्यास' आले. त्यात विधवा स्त्रियांच्या दुःखाला त्यांनी वाचा फोडली. नंतर 'पुण्यप्रभाव' आले. नंतर 'एकच प्याला' आणि 'भावबंधन'. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' ही नाटके अपुरी राहिली. पुरी झालेली थोडकी नाटके एवढीच त्यांची मिळकत, आणि तेवढ्यावर ते अमर झाले.

'एकच प्याला' हे दारूच्या व्यसनावरील नाटक आहे. सुधाकर हा हुशार, स्वाभिमानी वकील. कोर्टातील एका अपमानाच्या प्रसंगातून त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. मन पोळलेले असताना तळीराम नावाचा गृहस्थ त्याला दुःख विसरण्यासाठी फक्त एक प्याला घ्यायला लावतो. त्या एका प्याल्यातून सर्वनाश होतो. सुधाकराची पत्नी सिंधू मोलाने दळण दळते, पण माहेरी जात नाही. शेवटी नशेत सुधाकराच्या हातून स्वतःचे मूल जाते, सिंधू जाते, आणि तो स्वतःही जातो. ज्या घरात दारू शिरली आहे, त्या घरातल्या माणसांना हे नाटक शंभर वर्षांपूर्वीचे वाटत नाही. आपल्या गावातही अशा सिंधू आहेत, हे कोणी नाकारू शकेल काय?

आता मुख्य मुद्दा. हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे प्रथम रंगभूमीवर आणले. गडकऱ्यांना जाऊन तेव्हा एक महिनाही झाला नव्हता. आपले सर्वश्रेष्ठ नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलेच नाही. बालगंधर्व सिंधूची भूमिका करीत आणि त्यांची पदे घराघरांत पोचली. आजही जुनी माणसे ती गुणगुणतात आणि गडकऱ्यांची पदे म्हणून गुणगुणतात. परंतु ही पदे गडकऱ्यांनी लिहिलेली नाहीत. ती त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. गडकरी आजारी होते, आणि मंडळी संगीत नाटके करणारी होती. पदांवाचून नाटक उभे राहणे शक्य नव्हते. सुंदराबाई जाधव यांच्याकडून चाली आल्या आणि त्या चालींत शब्द बसविण्याचे काम गुर्जरांनी केले. गुर्जर हे त्या काळचे नावाजलेले कथालेखक. बंगालीतील प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथा त्यांनी मराठीत आणल्या. स्वतःचे नाव असलेल्या माणसाने मित्राच्या नाटकासाठी आपली लेखणी दिली आणि स्वतः मागच्या रांगेत उभा राहिला.

मग 'एकच प्याला' गडकऱ्यांचे नाही काय? निःसंशय त्यांचेच आहे. कथानक, पात्रे, संवाद, तळीरामाचा विनोद, सिंधूचे अश्रू हे सारे त्यांचे. गुर्जरांचे नाव घेतल्याने गडकऱ्यांच्या मोठेपणातून रतीभरही कमी होत नाही. उलट गुर्जरांचे नाव वगळले, तर एका प्रामाणिक माणसावर अन्याय होतो. जाणकारांनी पदांखाली गुर्जरांचे नाव जपले आहे. विसरलो आहोत ते आपण प्रेक्षक.

अखेरच्या दिवसांत गडकरी सावनेरला आले. शरीर थकले होते, पण लेखन थांबले नाही. त्या आजारातही त्यांनी 'भावबंधन' पुरे केले. पुढे बळवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी त्यातील लतिका गाजविली. हेही नाटककाराला पाहता आले नाही. आज ठाण्यात त्यांच्या नावाचे 'गडकरी रंगायतन' उभे आहे. सावनेर तर आपल्या शेजारचे गाव आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलाने बाजाराच्या दिवसावर निबंध लिहिला. वडील संत्र्याच्या पेट्या ट्रकवर चढविण्याचे काम करीत. निबंध इतका सुंदर होता की मी लाल शाईने खाली लिहिले, कोणाकडून लिहून आणला? मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या वहीची चार पाने माझ्या टेबलावर ठेवली. तो कच्चा खर्डा होता. खोडलेले शब्द, पुन्हा लिहिलेली वाक्ये, एका कोपऱ्यात पेट्यांचा हिशेब. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलावर शंका घेणाऱ्या विद्वानांना मी हसत होतो, आणि तीच शंका मी स्वतः घेतली होती. त्या मुलाजवळ खर्डा होता म्हणून तो सुटला. ज्याच्याजवळ खर्डा नसेल त्याने काय करावे?

म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी मुलाच्या घराकडे पाहून त्याची कुवत ठरवू नये. आणि मुलांनो, तुमच्यावरही एक जबाबदारी आहे. ताईने लिहून दिलेले भाषण, मोबाईलवरून उतरविलेला निबंध, मित्राच्या वहीतले गणित आपल्या नावावर खपविले, तर खरे लिहिणाऱ्या मुलावरचाही विश्वास उडतो. मदत घेण्यात कमीपणा नाही. गडकऱ्यांसारख्यालाही मदत लागली. ज्याची मदत घेतली त्याचे नाव सांगा, आणि जे आपले आहे ते मान वर करून आपले म्हणा.

यापुढे सावनेरला उतराल तेव्हा तेथे शेवटपर्यंत लिहीत राहिलेल्या त्या लेखकाची आठवण करा. आणि सिंधूचे एखादे पद कानावर पडले, तर शेजारी बसलेल्याला विठ्ठल सीताराम गुर्जर हे नावही जरूर सांगा.