डेनिस रिची : संगणकाला ‘परवानगीचा दरवाजा’ बसवणारा माणूस

जुन्नरच्या शिवनेरीवर पायऱ्यांच्या वाटेने चढताना सात दरवाजे लागतात. त्यातल्या एकाचे नावच परवानगीचा दरवाजा. महादरवाजातून आत आले म्हणजे पुढचे सगळे दरवाजे खुले, असा गडाचा हिशेब नव्हता. लिनक्सच्या डेस्कटॉपवरही तसेच आहे. पासवर्ड बरोबर असतो, लॉगिन होते, तरी फाइल उघडताना परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. ही व्यवस्था घडवणाऱ्यांत डेनिस रिची यांचे नाव मोठे आहे.

कोण होते रिची?

जन्म ९ सप्टेंबर १९४१, न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र व उपयोजित गणित शिकून १९६७ मध्ये डेनिसही तिथेच रुजू झाले. १९६९ मध्ये बेल लॅब्जने मल्टिक्स हा मोठा प्रकल्प सोडला. तेव्हा सहकारी केन थॉम्पसन यांनी एका लहान संगणकावर नवी प्रणाली उभारायला घेतली आणि रिची त्यांच्यासोबत होते. तीच युनिक्स. तिच्यासाठी रिचींनी सी भाषा तयार केली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहिला गेला आणि ती वेगवेगळ्या यंत्रांवर नेणे सोपे झाले.

पेच काय होता?

एकाच संगणकावर अनेक जण काम करत. म्हणून प्रत्येक फाइलला मालक, आणि वाचणे, लिहिणे, चालवणे अशा वेगळ्या परवानग्या ठरल्या. पण पासवर्डच्या फाइलमध्ये बदल करण्याचा हक्क फक्त रूट, म्हणजे मुख्य वापरकर्त्याला. मग इतरांनी स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा?

रिचींचे उत्तर होते सेट-युआयडी. ही खूण असलेला प्रोग्राम कुणीही चालवला, तरी तो मालकाच्या अधिकाराने चालतो आणि नेमलेले काम करतो. किल्ली वापरणाऱ्याच्या हाती जात नाही. मात्र अशा प्रोग्राममध्ये दोष राहिला, तर रूटचे अधिकार परक्याच्या हाती जाऊ शकतात. या कल्पनेचे पेटंट १९७९ मध्ये मिळाले. पुढे ते सर्वांसाठी खुले झाले.

आज अडकलात तर?

• पासवर्ड टाकूनही लॉगिनचाच पडदा परत येत असेल, तर बहुतेक लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करून डिस्क भरली आहे का, होम फोल्डरमधल्या फाइल रूटच्या नावावर गेल्या आहेत का, हे पाहा. सुडोचा चुकीचा वापर हे त्याचे नेहमीचे कारण.

• फाइल उघडत नसेल, तर ‘एलएस -एल’ कमांडने मालक, गट आणि परवानग्या तपासा. मालक चुकला असेल तर सीएचओन, परवानगी कमी असेल तर सीएचमॉड वापरा.

• सरसकट ७७७ देऊ नका. मंचर किंवा घोडेगावच्या संगणक वर्गात एकाच डेस्कटॉपवर अनेक विद्यार्थी बसत असतील, तर ७७७ दिलेल्या फोल्डरमधला एकाचा प्रकल्प दुसरा कुणीही पुसू शकतो.

मागे काय उरले?

१९८३ मध्ये रिची व थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्स गेले होते. त्या गदारोळात रिचींची बातमी अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. पण अँड्रॉइड फोनचा पाया लिनक्सचा आहे. त्यात साधारणपणे प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो, म्हणून एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खासगी फाइल वाचता येत नाहीत. युनिक्सने माणसांसाठी आखलेली सीमा आज अ‍ॅपनाही लागू आहे.