५ एप्रिल : राष्ट्रीय सागरी दिन आणि शेठ वालचंद हिराचंद

नौदल दिन म्हटलं की मुलं पटकन सांगतात, ४ डिसेंबर! पण ५ एप्रिलला काय असतं? वर्ग गप्प. हा दिवस व्यापारी जहाजांचा आणि त्यावर राबणाऱ्या खलाशी-अधिकाऱ्यांचा. तो समजून घ्यायचा तर आपल्या सोलापूरच्या एका माणसाची ओळख करून घ्यावी लागते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घरचा व्यापार होता, पण त्यात त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि नाव कमावले.

त्या काळी आपल्या बंदरांतला माल इंग्रजांच्या जहाजांतून जाई. त्या जहाजांवर कोकणातले खलाशी घाम गाळत. कष्ट आपले, मालकी आणि भाडं त्यांचं! १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी एकत्र आले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून त्यांनी 'लॉयल्टी' ही आगबोट विकत घेतली आणि सिंदिया कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. इंग्रज कंपन्यांनी मालाचे दर इतके पाडले की नवी कंपनी बुडावीच. 'लॉयल्टी'ही जुनी, खर्चिक. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. त्याच सुमारास कंपनीला जाचक करार पत्करावा लागला. तरी सिंदिया टिकली. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद अध्यक्ष झाले.

जहाजं चालवली, आता ती इथेच बांधायची, असं त्यांनी ठरवलं. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कारखान्याची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी तिथे जपानी बॉम्ब पडले. काम रखडलं, पण सुटलं नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद गेले. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

विचार करा, हा दिवस कुठल्या बोटीच्या नावाने? जी चार वर्षांत मोडीत निघाली तिच्या! नफ्या-तोट्याच्या वहीत ती तोट्याचीच. पण तिने वाट दाखवली, आणि त्या वाटेवर आजही आपली माणसं महिनोन् महिने घरापासून दूर असतात. घरातलं तेल, गाडीतलं इंधन यातलं बरंच त्यांच्या हातून आपल्यापर्यंत येतं. एखाद्या मुलाचे बाबा गणपतीलाही घरी नसतात, ते याच कामामुळे.

म्हणून शिक्षकांनो, पालकांनो, या ५ एप्रिलला मुलांना नकाशावर मुंबई ते लंडन अशी रेघ ओढायला सांगा. वालचंदांची गोष्ट सांगा. आणि वर्गात, शेजारी कुणाच्या घरचं माणूस बोटीवर असेल, तर आवर्जून त्याची चौकशी करा.