गोल्फची स्टिक उलट्या हाताने धरून गॅरी प्लेअरला हरवणारा पपवा, ज्याला ट्रॉफी पावसात उभं राहून घ्यावी लागली

पनवेल तालुक्यात, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने उभारलेलं गोल्फ कोर्स आहे. बाजूलाच सेंट्रल पार्क असल्यामुळे रविवारी फिरायला गेलेल्या बऱ्याच जणांनी ते लांबून तरी पाहिलेलं असतं. गोल्फ म्हटलं की आपल्या डोक्यात येतो तो हवेत उंच उडालेला चेंडू. पण खेळाचा निकाल बहुतेक वेळा लागतो तो होलच्या जवळ, हिरवळीवरून चेंडू हळूच घरंगळवताना. याला म्हणतात पटिंग.

पुढच्या वेळी टीव्हीवर गोल्फ लागलं तर पटिंग करणाऱ्यांचे हात नीट बघा. काही जण उजव्या हाताने खेळणारे असूनही डावा हात खाली आणि उजवा वर धरून उभे असतात.

आता आपल्याला गोल्फ कळो न कळो, क्रिकेट कळतंच. उजव्या हाताचा बॅट्समन बॅट धरतो तेव्हा डावा हात वर आणि उजवा खाली असतो. गल्लीत एखाद्या पोराने हे हात उलटे केले की बाकीची पोरं हसतात आणि कोच असेल तर तो पहिल्याच दिवशी पकड बदलायला लावतो. गोल्फमध्येही नियम तोच. डावा वर, उजवा खाली.

पण एका माणसाने हा नियम फक्त पटिंगला नाही, तर प्रत्येक फटक्याला मोडला. आयुष्यभर मोडला. आणि त्याच उलट्या हातांनी त्याने जगातल्या सर्वोत्तम गोल्फरपैकी एकाला हरवलं.

त्याचं नाव सेवसंकर सेवगोलम. सगळे त्याला पपवा म्हणायचे.

सेवसंकर म्हणजे आपला शिवशंकरच. पण हा शिवशंकर भारतातला नव्हे, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा.

डर्बनमध्ये भारतीय आले कसे, तर ऊस तोडायला. नाताळ ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि तिथल्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८६० च्या नोव्हेंबर महिन्यात मद्रासहून निघालेलं ट्रुरो नावाचं जहाज डर्बनला लागलं आणि गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी तिथे उतरली. त्यानंतर कलकत्ता आणि मद्रासहून जहाजांमागून जहाजं गेली. करार संपल्यावर अनेक जण तिथेच राहिले. १८९३ मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी डर्बनला पोहोचले ते याच समाजातल्या एका व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी.

पपवा याच डर्बनच्या भारतीय वस्तीत, १९२० च्या दशकाच्या शेवटी जन्मला. घरची गरिबी इतकी की शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही. पण घरापासून जवळ बीचवुड नावाचा गोऱ्या लोकांचा गोल्फ क्लब होता. तिथे खेळायला त्याला परवानगी नव्हती, पण कॅडी म्हणून साहेबांची बॅग उचलायला होती.

आपल्याकडेही हेच चित्र दिसतं. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ, पण भारतातले कित्येक व्यावसायिक गोल्फर कॅडी म्हणूनच सुरुवात करून पुढे आलेत. बॅग उचलणारा पोरगा दिवसभर कोर्सवर असतो. वारा कुठून येतो, हिरवळ कुठे उतरती आहे, चेंडू कुठे वळतो, हे त्याला मेंबरपेक्षा जास्त कळतं.

पपवा असाच बघून बघून शिकला. झाडाच्या फांदीची स्टिक करून त्याने सुरुवात केली असं सांगितलं जातं. त्याला शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे हात चुकलेत हे सांगायलाही कुणी नव्हतं. जसे हात पडले तसे त्याने धरले. डावा खाली, उजवा वर. चेंडू हवा तिथे जात होता, मग बदलायचं कशाला?

पपवा गोऱ्येतरांच्या स्पर्धा जिंकू लागला. पण १९४८ पासून देशात वर्णद्वेषी सरकार होतं. कुणी कुठे राहायचं, कुठल्या दाराने आत जायचं, कुठल्या बाकावर बसायचं हे कातडीचा रंग ठरवत होता. मोठ्या स्पर्धा गोऱ्यांच्या, मोठी बक्षिसंही त्यांचीच.

इथे गोष्टीत येतो ग्रॅहम वुल्फ. हा डर्बनचा गोरा रसायनतज्ज्ञ. बायकोसाठी त्याने एक क्रीम बनवलं होतं आणि तेच पुढे ऑईल ऑफ ओले या नावाने जगभर गाजलं. आज दुकानात दिसणारं ओले ते हेच. वुल्फला गोल्फचा नाद होता आणि पपवाचा खेळ त्याने जवळून पाहिला होता. या माणसाला आपल्या देशात कुणी खेळू देणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग १९५९ मध्ये तो पपवाला सरळ युरोपला घेऊन गेला.

त्याच वर्षी पपवाने डच ओपन जिंकली!

कालपर्यंत दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा, लिहिता-वाचता न येणारा माणूस युरोपातल्या एका देशाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकला होता. लोकांना वाटलं नशीब असेल. १९६० मध्ये तो पुन्हा गेला आणि पुन्हा जिंकला. १९६४ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला.

युरोपात त्याचे हात बघून लोक चक्रावले. डावखुऱ्याचे हात घेऊन हा माणूस उजव्या बाजूने खेळतो कसा, हेच कळेना.

पण खरी कसोटी घरी होती.

१९६३ साली डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन भरली. खेळणारे जवळजवळ सगळे गोरे, पपवाला मात्र खेळण्यासाठी खास परवानगी लागली. परवानगी मिळाली ती मैदानापुरती. क्लब हाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही. कपडे बदलायचे, जेवायचं, सगळं बाहेर.

पपवा स्पर्धा जिंकला. आणि बक्षीस द्यायच्या वेळी पाऊस सुरू झाला.

बाकीचे खेळाडू आणि पाहुणे क्लब हाऊसच्या छपराखाली गेले. विजेता आत जाऊ शकत नव्हता, कारण तो भारतीय होता. त्याच इमारतीत चहा-खाणं द्यायला भारतीय वेटर चालत होते, ट्रॉफी घ्यायला भारतीय विजेता चालत नव्हता. पपवाला त्याची ट्रॉफी बाहेर, पावसात उभं राहून घ्यावी लागली.

त्या प्रसंगाचा फोटो जगभर छापून आला. दक्षिण आफ्रिकेला खेळातून बाहेर काढा अशी मागणी तेव्हा जोर धरत होतीच, १९६४ च्या ऑलिम्पिकमधून त्या देशाला वगळण्यातही आलं. वर्णद्वेष म्हणजे काय हे लांबलचक भाषणांनी समजत नव्हतं, ते पावसात भिजणाऱ्या एका विजेत्याच्या फोटोने समजलं.

मराठी वाचकाला ही गोष्ट कुठेतरी ऐकल्यासारखी वाटेल. वाटणारच. बाळू पालवणकर आठवा. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात पिचची देखभाल करता करता नेटमध्ये साहेबांना बॉल टाकणारा चांभार समाजातला तरुण. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं ते विकेट हव्या होत्या म्हणून, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी ११४ बळी घेतले. डर्बनमध्ये रंग आडवा आला, पुण्यात जात. मैदानावर दोघांचेही हात चालत होते, मैदानाबाहेर नव्हते.

पुन्हा पपवाकडे येऊ.

१९६५ ची नाताळ ओपन. यावेळी समोर होता गॅरी प्लेअर. हा दक्षिण आफ्रिकेचा सर्वात मोठा गोल्फर. ब्रिटिश ओपन, मास्टर्स, पीजीए त्याच्या खिशात होत्या आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या मोजक्या लोकांत तो जाऊन बसला. अशा ऐन भरातल्या प्लेअरला पपवाने हरवलं.

एका अशिक्षित भारतीय कॅडीने गोऱ्यांच्या हिरोला गोऱ्यांच्याच मैदानावर हरवणं हे वर्णद्वेषी सरकारला पचणारं नव्हतं. गोरे जात्याच श्रेष्ठ आहेत या एका कल्पनेवर त्यांचा सगळा डोलारा उभा होता आणि स्कोअरकार्ड काहीतरी वेगळंच सांगत होतं.

मग सरकारने स्कोअरकार्डच काढून घेतलं. १९६६ पासून पपवाला देशातल्या मोठ्या स्पर्धांत खेळण्याची परवानगी मिळेनाशी झाली. पाठोपाठ त्याचा पासपोर्टही गेला, म्हणजे परदेशात खेळायचा रस्ताही बंद. उमेदीच्या वर्षांत एका खेळाडूला घरात बसवून ठेवलं गेलं.

१९७८ मध्ये पपवा गेला. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. मरताना हातात पैसा नव्हता. त्याच्यावरची बंदी ज्या कायद्यांमुळे आली ते कायदे जायला अजून दीड दशक लागणार होतं. आज डर्बनमध्ये एका गोल्फ कोर्सला पपवा सेवगोलमचं नाव आहे.

आता मूळ मुद्दा. त्याच्या त्या उलट्या हातांचं पुढे काय झालं?

सगळ्या फटक्यांसाठी तशी पकड ठेवणारे आजही फार दुर्मीळ. लांब फटक्याला ती कुणी शिकवत नाही. पण पटिंगमध्ये हीच पकड आज मोठमोठे खेळाडू वापरतात. जिम फ्युरिक असाच पट करायचा. जॉर्डन स्पीथने २०१५ मध्ये मास्टर्स आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, त्या डावा हात खाली ठेवून पट करतच. ही पद्धत पपवामुळे पसरली असं म्हणता येणार नाही, पटिंगमध्ये अनेकांनी ती आपापल्या गरजेपोटी शोधली. पण ज्या हातांना लोक अडाणी समजत होते ते हात आता कोच स्वतःहून सुचवतात, हे मात्र खरं.

त्यामागचं कारण सोपं आहे. पट मारला की चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः चेंडूला लागताना पटरचं तोंड कुठे आहे यावर ठरतं. गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कड साधारण साडेपाच सेंटिमीटरवर. हिरवळ सपाट धरली आणि तीन मीटरवरून मारताना दिशा फक्त एक अंश चुकली, तर होलपर्यंत जाताना चेंडू पाच सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. म्हणजे कडेवर. दोन अंश चुकली की गेलाच.

हा एक-दोन अंशांचा घोळ होतो मनगटात. उजवा हात खाली असला की ऐन वेळी तो जोर लावतो, डावं मनगट मोडतं आणि पटरचं तोंड फिरतं. डावा हात खाली घेतला की डावं मनगट सरळ राहतं, उजव्या हाताची दांडगाई कमी होते आणि दोन्ही खांदे जवळपास एका पातळीत येतात. मग हात मारत नाहीत, खांदे घड्याळाच्या लंबकासारखे हलतात.

आणि हे किरकोळ नाही. ७२ पारच्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. १८ होलचे झाले ३६. म्हणजे निम्मा खेळ पटिंगचा.

तुम्ही खेळत असाल आणि जवळचे पट चुकत असतील तर करून बघायला हरकत नाही. आधी एक मीटरवरून सुरुवात करा, लांबून नको. डावा हात खाली, उजवा वर, पकड सैल. जमिनीवर दोन नाणी पटरच्या तोंडाएवढ्या अंतरावर ठेवा आणि नाण्यांना न लागता पटर मधून न्या. दिशा लवकर सुधारते, पण लांबच्या पटचा अंदाज सुरुवातीला बिघडतो, कारण जोर मोजायची सवय उजव्या हाताला असते. म्हणून दोन दिवसांत निकाल लावू नका, काही आठवडे द्या. त्यानंतरही जमलं नाही तर जुनी पकड आहेच. ही पकड सगळ्यांनाच मानवते असं नाही.

पपवाला यातलं काहीच कुणी समजावून सांगितलं नव्हतं. अंश, मनगट, लंबक हे शब्द त्याच्या कानावर आले नसतील. त्याने फक्त चेंडू कुठे जातो ते पाहिलं आणि हात तसेच ठेवले.

त्याच्या हातांत चूक काढायला पुस्तकं होती. पण त्या हातांना खेळापासून तोडायला शेवटी कायदाच लागला.