फ्रेड बेअर: पट्ट्या चिकटवून धनुष्य घडवणारा माणूस

कॉलेजच्या सुट्टीत सोयगावला मी बांबूच्या पट्ट्या चिकटवून धनुष्य बनवलं होतं. क्लॅम्प जीव खाऊन आवळले. पण दोरी ओढताच पट्ट्या कडकन सुटल्या, डोळा थोडक्यात वाचला! चूक कुठे झाली हे शोधताना मला फ्रेड बेअर सापडले.

बेअर यांचा जन्म १९०२ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. तरुणपणी ते डेट्रॉईटला पॅकार्ड या मोटार कंपनीत पॅटर्नमेकर झाले, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवायचे. एकदम मापातलं काम. १९२७ मध्ये त्यांनी आर्ट यंग या तिरंदाजाची अलास्कातल्या शिकारीची फिल्म पाहिली आणि धनुष्याचं वेडच लागलं. पुढे यंग यांच्याकडूनच ते धनुष्य बनवायला शिकले.

१९३३ मध्ये, ऐन मंदीत, ते काम करत होते तो कारखाना जळाला. नोकरी गेली. त्याच वर्षी त्यांनी मित्रासोबत स्वतःची कंपनी काढली. आधी जाहिरातींच्या छपाईवर पोट चालायचं, धनुष्य बाजूला. १९४७ मध्ये कारखाना मिशिगनमधल्या ग्रेलिंगला हलला.

आता टेक्निकल भाग. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. एकसंध लाकूड हळूहळू वाकडंच राहतं किंवा तुटतं. म्हणून मध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लास. बेअर यांनी असं धनुष्य कारखान्यात मोठ्या संख्येने बनवून सामान्य माणसापर्यंत पोहोचवलं.

पट्ट्यांना ग्लू लावून साच्यावर बसवायच्या, सगळीकडे सारखा दाब द्यायचा, मग ऊब देऊन ग्लू पक्का करायचा. दाब कमी पडला तर फट राहते. जास्त झाला तर ग्लू बाहेर येतो आणि जोड कोरडा पडतो. माझं हेच झालं होतं!

आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवतो. ती थंड होताना चाक चहूबाजूंनी सारखं आवळते. लॉजिक तेच.

बेअर १९८८ मध्ये गेले, पण आजच्या ऑलिंपिक धनुष्याच्या पात्यांमध्येही थरच असतात.

करून बघणार असाल तर आधी ग्लूशिवाय क्लॅम्प लावून बघा. आणि ग्लू लावल्यावर जोडातून त्याची बारीक, सारखी रेघ दिसली की आवळणं थांबवा. माझं दुसरं धनुष्य असंच बनवलं, ते अजून टिकलंय.