पुण्याचा हौद आणि महाडचे तळे

आमच्या भंडारा जिल्ह्यास तळ्यांचा जिल्हा म्हणतात. नाकाडोंगरीच्या आसपासच्या खेड्यांतील वाचकांस हे सांगावयास नको की, तळे भरलेले असणे ही एक गोष्ट, आणि त्यात कोणी घागर बुडवावी ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी झगडलेल्या दोन पुरुषांची चरित्रे आम्ही आज शेजारी ठेवून पाहत आहो. जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. भीमराव आंबेडकर १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले. एकाने दुसऱ्यास कधी पाहिले नाही.

जोतीराव माळी कुळातले, जन्म १८२७ चा. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात तशीच शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई ह्यांस शिकवून शिक्षिका केले. ह्या कामापायी वडिलांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले, तरी शाळा चालली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा घातल्या. तेथील मुक्ता नावाच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापला गेला. मिशनऱ्यांशी जोतीरावांचा स्नेह होता, परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. हे आमच्यातील काही बंधू विसरतात, म्हणून येथे सांगितले.

१८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. आज वाचताना ही गोष्ट लहान वाटते. पण त्या काळी ज्याच्या हौदास महाराची घागर लागली, त्याच्या घरचे पाणी जातवाल्यांनी पिऊ नये अशी रीत होती. मुलांस शाळेत शिकविणे ही घराबाहेरची गोष्ट. आपल्या चुलीवर जे पाणी चढते त्यातच दुसऱ्यास वाटा देणे हे फार जवळचे आहे. आम्हांस तर शाळांपेक्षाही हे धैर्य मोठे वाटते.

भीमरावांजवळ खुला करावयास हौदच नव्हता. सुभेदार रामजींचा हा मुलगा साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. हाच मुलगा १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीने अमेरिकेस गेला आणि मोठा विद्वान होऊन आला. परंतु १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर त्यास राहावयास जागा मिळेना.

तेव्हा त्यांनी कोणाच्या अंगणात पाणी मागितले नाही. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे तसे खुले केल्याचे जाहीरही केले होते. कागद झाला, घागर मात्र बुडाली नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. त्यावर गावातील लोकांनी परिषदेस आलेल्यांस मारहाण केली, आणि पुढे शेण-गोमूत्राने तळ्याची शुद्धी केली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वाद कोर्टात गेला व दहा वर्षे चालला. अस्पृश्यांस दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळाची आहे, हे वादींस सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या हायकोर्टाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

हौदाचा धनी मरतो, हौद विकला जातो, वारसाचे मन बदलते. कोर्टाच्या निकालास तसे होत नाही. ह्या दृष्टीने आंबेडकरांचे काम अधिक टिकाऊ म्हटले पाहिजे. तथापि निकाल गावोगाव आपल्या पायांनी चालत जात नाही, हेही खेड्यातल्या माणसास ठाऊक आहे. आमच्या मंडळ्यांत ज्यांच्या अंगणात विहीर आहे असे लोक आहेत, आणि ज्यांच्या नाही असेही. पहिल्यांनी जोतीरावांचे चरित्र वाचावे, दुसऱ्यांनी भीमरावांचे; आणि मग दोघांनी एकमेकांचे.

दोघांचीही दृष्टी समुद्रापार जात असे. १८७३ साली जोतीरावांनी गुलामगिरी हे पुस्तक लिहिले आणि हबशी गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस ते अर्पण केले. १९४६ साली आंबेडकरांनी त्याच गुलामांच्या वंशातील पुढारी डु बॉइस ह्यांस पत्र लिहिले व कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली. कारण आपल्या लोकांसाठीही तसे करावे असे त्यांच्या मनात होते.

१९५४ साली आंबेडकर आमच्या भंडाऱ्यातूनच लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. ते निवडून आले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व त्याच वर्षी ६ डिसेंबरास त्यांचा अंत झाला. त्यापूर्वी दहा वर्षे, शूद्र मूळचे कोण ह्या विषयावर त्यांनी इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला होता. तो त्यांनी जोतीराव फुले ह्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.