मेजर थॉमस कँडी : इंग्रजी-मराठी कोश पुरा करणारा माणूस

लातूरच्या आडत बाजारात रोज कितीतरी पावत्या फाडल्या जातात. पावती म्हणजे इंग्रजीत रिसीट. पण हा शब्द इंग्रजीत लिहायला घेतला की हात थबकतो. आधी ई की आधी आय? आणि मध्ये पी असतो का? बरोबर स्पेलिंग आहे आर-ई-सी-ई-आय-पी-टी. यातला पी उच्चारला जात नाही. मध्ययुगात इंग्रज लोकही हा शब्द बऱ्याचदा पीशिवाय लिहीत. मूळ लॅटिन शब्दात पी आहे, म्हणून पुढे विद्वानांनी तो बसवला. डिसीट हा त्याच कुळातला शब्द मात्र पीशिवायच राहिला.

अशी शंका आली की आपण शब्दकोश उघडतो. मराठी वाचकाच्या हाती असा मोठा कोश देणाऱ्यांत मेजर थॉमस कँडी यांचे नाव महत्त्वाचे आहे.

सैन्यातून कोशाकडे

कँडी यांचा जन्म 1804 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. 1822 मध्ये थॉमस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरीसाठी भारतात आले आणि इथे मराठी शिकले. त्या काळी जेम्स मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी कोश तयार करत होते. कँडी बंधू आणि मराठी पंडित त्यांच्या मदतीला होते. हा कोश 1831 मध्ये छापून झाला.

त्यानंतर उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला गेला. पण तब्येत बिघडल्याने मोल्सवर्थ 1836 मध्ये मायदेशी परतले. अर्धवट राहिलेले काम कँडींनी नेटाने पुरे केले. 1847 मध्ये कोश प्रसिद्ध झाला. 1873 मध्ये त्यांनी त्याची वाढवलेली आवृत्तीही काढली.

इंग्रजी कोश वापरताना मराठी माणसाची एक अडचण होते. मराठीत बहुतेक शब्द ऐकू येतात तसे लिहिले जातात. इंग्रजीत नाइफ हा शब्द एनमध्ये सापडत नाही, तो केमध्ये शोधावा लागतो. म्हणजे शब्द सापडायला स्पेलिंगचा अंदाज आधीच हवा!

मराठीचेही शुद्धलेखन

1837 पासून कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख करत होते. पुढे ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळेची पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. तेव्हा एकच मराठी शब्द वेगवेगळे लोक वेगवेगळ्या प्रकारे लिहीत. छापील पुस्तकात असे चालणार नव्हते. म्हणून लेखन एकसारखे असावे यावर त्यांचा भर राहिला. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांसारखी चिन्हे कशी वापरावीत, हे सांगणारी विरामचिन्हांची परिभाषा ही पुस्तिका त्यांनी 1850 मध्ये लिहिली.

हे सर्वांना रुचले नाही. परक्या माणसाच्या नजरेखाली घडलेली पाठ्यपुस्तकांची मराठी इंग्रजी वळणाची होते, अशी तक्रार होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या भाषेवर टीका केली. तक्रारीत तथ्य होते. पण आज मराठी वाक्यात स्वल्पविराम देताना तो बाहेरून आला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कँडींचे निधन 1877 मध्ये महाबळेश्वरला झाले. त्यांच्या काळात लातूर निजामाच्या राज्यात होते. 1962 मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक 14 नियम मान्य केले, 1972 मध्ये आणखी 4 जोडले गेले. आज लातूरमधील शाळांतही मराठी याच नियमांनी शिकवली जाते.

शुद्धलेखन आकाशातून पडत नाही. ते माणसे ठरवतात, छापतात आणि वेळ आली की बदलतातही. म्हणून रिसीट लिहिताना अडखळलात तर लाज वाटण्याचे कारण नाही. कोश उघडून पाहावा, कँडींनी आयुष्यभर तेच काम केले.